न्हाणीतली नव्हे, रस्त्याखालची

मित्रांनो, मी एक जुनी मोरी आहे. नाक मुरडू नका. न्हाणीतली नव्हे, रस्त्याखालची. वरून गाड्या धावाव्यात आणि खालून कोल्हे-ससे बिनघोर जावेत, म्हणून रस्त्यांचे आराखडे करणाऱ्या एका बाईंनी मला कागदावर आखलं. मजुरांनी काँक्रीट ओतून उभं केलं, पावलं उमटावीत म्हणून तोंडाशी वाळू पसरली, आणि देखभाल एका मुकादमांकडे सोपवली.

कौतुक फार झालं माझं. येत मात्र कोणी नव्हतं. सहा महिने वाळू कोरी. वर ससे चिरडले जात होते आणि खाली मी आरशासारखी लख्ख. बाईंच्या साहेबांनी बजावलं, महिनाभरात एक तरी जनावर आल्याचं दाखवा, नाहीतर नव्या रेल्वेमार्गाखालच्या नऊ मोऱ्या आराखड्यातून काढून टाकतो.

बाई माझ्या तोंडाशी डोक्याला हात लावून बसल्या. तेवढ्यात मुकादमांची बायको त्यांचा डबा घेऊन आली. आत डोकावून नवऱ्याला म्हणाली, "घरची मोरी बारा वर्षांत एकदाही घासली नाहीत. हिला मात्र रोज फिनेल."

बाईंनी मान वर केली. "रोज?"

"रोज सकाळी, बाटलीभर," मुकादम छाती फुगवून म्हणाले. "मोरी म्हटली की वास येता कामा नये, बाई."

"अहो, त्या फिनेलच्या वासाने कोल्हा तिकडूनच पाठ फिरवत असेल."

मुकादमांचा चेहरा उतरला. बायको पोट धरून हसली. पण दुसऱ्या दिवशी मला साध्या पाण्याने धुऊन काढल्यावर ओली माती आणि पालापाचोळा आणून तिनेच आत पसरला. मुकादम रोज येत, हात पाठीमागे घट्ट बांधून. झाडू दिसला की त्यांचे हात शिवशिवत.

महिना भरला त्या दिवशी साहेब आले. वाळूकडे न बघता तरातरा आत शिरले आणि थबकले. नवा कोरा बूट कशात तरी रुतला होता.

"मुकादम, साफसफाई करत नाही का इथं?"

बाई खाली वाकल्या. "साहेब, पाय हलवू नका. कोल्ह्याची विष्ठा आहे, ताजी. फोटो काढते."

नऊच्या नऊ मोऱ्या झाल्या. आता माझ्या भिंतींवर शेवाळ चढलंय, हारतुरे घेऊन कोणी येत नाही. येतात ते चार पायांचे. मित्रांनो, मला जपायचंच असेल, तर भेगा बुजवा, वाहून आलेलं प्लास्टिक उचला. पण कोल्ह्याने ठेवलेलं तेवढं राहू द्या. ते हुंगूनच पुढचा कोल्हा आत पाऊल टाकतो.