माझ्यावर बसून बोललेलं

मित्रांनो, मी निळ्या पट्ट्यांची एक जुनी सतरंजी. खर्डीजवळच्या एका गावच्या समाजमंदिरात कोपऱ्यात पडून असते. अंगावर पानाच्या पिचकाऱ्या, लग्नातल्या रश्श्याचे डाग, उंदरांची घाण. पण मला खरी किळस येते ती दुसऱ्याच गोष्टीची.

मागावरून उतरले ती शहरातल्या एका विद्यापीठात गेले. नव्वदचं दशक संपता संपता तिथल्या भूमिकाताई मला या गावात घेऊन आल्या. शिकलेली माणसं विद्यापीठाची, जागा गावाची. मन आजारी पडायच्या आधीच त्याची विचारपूस करायची, एवढंच त्या प्रकल्पाचं काम.

पहिल्या दिवशी ताईंनी कागद काढून विचारलं, "रात्री झोप लागते का?" बायका तोंडाला पदर लावून गप्प. शेवटी गिरजा म्हणाली, "ताई, आमी काय शाळंत बसलोय का? हाताला काम नसलं तर आमचं तोंड नाय उघडत."

पुढच्या मंगळवारी तिने भिजवलेले वाल आणले. सगळ्याजणी सोलायला बसल्या, ताईसुद्धा. नजर वालांवर, मग बोलणं आपोआप सुटलं. कुणाचा नवरा, कुणाचं माहेर, कुणाला उगाच येणारं रडू.

एकदा लहानी नावाची एक सून आली, नुकतीच बाळंतपणातून उठलेली. बाळ रडलं तरी ती त्याच्याकडे बघायची नाही. चार बैठका नुसती सोलत बसली. मग हळूच म्हणाली, "मला याचा लळाच लागत नाय. मी वंगाळ आई हाय ना?"

कुणी दचकलं नाही. "थोरल्याच्या वक्ताला माजंबी असंच झालं व्हतं गो," गिरजा म्हणाली. ताईंनी लहानीला शहापूरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हळूहळू लहानीचं बोट बाळाच्या गालावरून फिरू लागलं. ते चिमणं माझ्यावर पालथं पडायला शिकलं. त्याची लाळ अंगावर पडली, की मला बरं वाटायचं.

मग विद्यापीठातले मोठे पाहुणे आले. माझ्यावर खुर्च्या मांडल्या, लोक चपलांसकट चढले. गावच्या मंडळाचे अध्यक्ष जयरामशेठ माइकवर म्हणाले, "ही बघा आमची लहानी. येडी झाली व्हती, पोराला बघत नव्हती. आपल्या प्रकल्पानं बरी केली."

टाळ्या पडल्या. पाहुण्यांनीही वाजवल्या. शी! पानाची पिचकारी परवडली. ती निदान धुतली तर जाते.

लहानी बाळाला छातीशी धरून निघून गेली. सासूने, धोंडूबाईने, तिची बैठक बंद केली. बाकीच्याही येईनात. माझ्यावर बसलं की उद्या आपलं नाव माइकवर, हे त्यांना कळून चुकलं होतं. लहानी पुन्हा मुकी झाली, बाळाला घेईना.

भूमिकाताई मान खाली घालून म्हणाल्या, "पाहुण्यांना मीच बोलावलं होतं."

"मग आता मान वर करा नि या सतरंजीचं एक टोक धरा," गिरजा म्हणाली.

दोघींनी मला लहानीच्या अंगणात अंथरलं. चारदोन बायका मागून आल्या.

"हितं काय तमाशा लावलाय?" धोंडूबाई कडाडली.

"तमाशा नाय, आत्ये. वाल सोलायचेत. तुमी पन बसा," गिरजा म्हणाली.

धोंडूबाई कुरकुरत बसली. बऱ्याच वेळाने लहानी बाळाला घेऊन बाहेर आली आणि सगळ्यांकडे पाठ करून माझ्या कडेला टेकली. कुणी तिला हाक मारली नाही. मग तिने वळून न बघताच एक हात मागे पसरला. धोंडूबाईने त्यात मूठभर वाल ठेवले.

तो प्रकल्प केव्हाच संपला. मला झटका, उन्हात घाला, असं मी मागत नाही, मित्रांनो. फक्त कुणी तुमच्याजवळ बसून मन उघडलं, तर ते बोलणं त्याचंच राहू द्या. त्यावर टाळ्या घेऊ नका.