बारा सिनेमांतली मुकी गिटार

मी जुनी गिटार, मित्रांनो. बारा सिनेमांत लोकांनी मला वाजताना पाहिलं, पण त्यातल्या एकातही माझा आवाज नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

कॅलिफोर्नियातल्या डोंगरांत गाणाऱ्या काउबॉयचे स्वस्तातले सिनेमे सहा-सहा दिवसांत उरकले जात. माझा नायक लेलँड घोड्यावर झकास बसायचा, पण त्याला ना गाता यायचं ना वाजवता. गाणं दुसराच कुणी आधी तबकडीवर गाऊन ठेवी. शूटिंगला ती तबकडी लावायची आणि लेलँडने नुसते ओठ नि बोटं हलवायची. मी मध्येच झणझणू नये म्हणून कपडेपट सांभाळणाऱ्या व्हर्नाबाईंनी माझ्या पोटात चिंध्या कोंबल्या.

"हिला गप्प केलं. आता तुझंही तोंड शिवू का रे?" त्या लेलँडला म्हणायच्या.

"शिवा की! घोड्यालाच गायला लावू."

सगळे हसायचे. मला मात्र वाईट वाटायचं. एकदा तरी कुणी मला ऐकावं, एवढंच माझं मागणं होतं.

एका शनिवारी टेक्सासमधल्या एका गावात सिनेमा संपल्यावर लेलँडला मंचावर उभं केलं. समोर दोनशे पोरं. "गाणं! गाणं!" असा एकच गिल्ला झाला. तबकडी तर स्टुडिओत. लेलँडचं धाबं दणाणलं. त्यानं तारांवर हात मारला आणि नुसतं थपथप वाजलं.

पुढच्या रांगेतल्या मुलीनं विचारलं, "अहो, ती आजारी आहे का?"

लेलँडनं टोपी काढली. "नाही गं. ती धडधाकट आहे. मलाच वाजवता येत नाही."



"मग शिका ना!" ती म्हणाली. "मीपण शिकतेय. आई म्हणते, त्यापेक्षा मांजराचं ओरडणं बरं!"

पोरं खो-खो हसली. लेलँडही हसला आणि त्यानं तिथंच माझ्या पोटातल्या चिंध्या उपसून काढल्या.

पुढे टीव्ही आला, ते सिनेमे बंद पडले, घोडे विकले गेले. पण सत्तरीतही लेलँड रोज दारात खुर्ची टाकून मला वाजवायचा. अगदी बेसूर! शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. माझ्या आयुष्यातले तेच सुखाचे दिवस.

तो गेला आणि मी संग्रहालयात आले. माझी धूळ रोज पुसतात. लाकडाला ताण नको म्हणून तारा सैल केल्यात आणि काचेवर 'हात लावू नये' अशी पाटी आहे. येणारे म्हणतात, "काय छान जपलीय!"

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं वाद्य असेल, तर त्याला असं जपू नका. वाजवा त्याला. बेसूर वाजलं तरी वाजवा. तार तुटली तर नवी मिळते.