बुवांच्या गळ्यासाठी

अमेरिकेतल्या हर्नडनच्या सुमित्राकाकूंची पेन्शन तुटपुंजी, म्हणून थंडीतही त्या हीटर बंद ठेवत. यंदा त्यांच्या घरी कीर्तन ठरलं होतं, पण अशा गारठ्यात बुवांचा गळाच बसला असता. शेजारची चैत्राली हीटिंगसाठी सरकारी मदतीचा अर्ज घेऊन आली, तर काकू म्हणाल्या, "मी नाही बाई हात पसरणार!"

"काकू, आरतीच्या ताटातलं बुवा घेतात, ती काय भीक असते?"

"छे गं! ते सगळ्यांनी मिळून प्रेमानं घातलेलं असतं."

"मग ही मदतही सगळ्यांच्या टॅक्समधूनच येते. तुम्हीसुद्धा तीस वर्षं त्या ताटात घातलंय की!"

काकूंनी हसत सही ठोकली. मदत मंजूर झाली. कीर्तनाला घर असं उबदार झालं, की पूर्वरंगातच बुवांनी शाल काढली आणि काकू टाळ घेऊन चक्क नाचल्या.