काकांपर्यंत न पोचलेला इशारा

मित्रांनो, कोंबडीची अंडी उबवण्याच्या या केंद्रात दाराजवळच्या टेबलावर जो पिवळट पडलेला जुना संगणक दिसतो, तो मी. माझ्या डोक्यावर कुणीही चहाचा कप ठेवतं, तरी मी चकार शब्द काढत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. इथे आल्यावर मला एकच काम मिळालं. उबवणी यंत्रातली उष्णता कमी-जास्त झाली, की मालक काकांना ईमेल धाडायचा. इशारा पोचला की काकांचा फोन खणाणायचा आणि ते हातातलं काम टाकून धावत यायचे. "हा आहे म्हणून मला झोप लागते," असं पाहुण्यांना सांगायचे. संगणकाला छाती नसते, पण माझी फुगायची.

मग एके दुपारी यंत्राचा पंखा बंद पडला. अंडी तापू लागली. मी इशारा पाठवला, पुन्हा पाठवला, पण कुणी आलं नाही. त्या अंड्यांतली पिल्लं आज-उद्या बाहेर यायची होती हो! माझा जीव टांगणीला लागला. नशीब, काकू विसरलेला चष्मा शोधत आत आल्या आणि त्यांना यंत्राची धग जाणवली. पंखा लगेच दुरुस्त झाला आणि पिल्लं थोडक्यात बचावली.

काका माझ्यावर भडकले. "एकही ईमेल आला नाही! म्हातारा झालाय हा, उद्याच भंगारात द्या."

"थांबा हो बाबा," त्यांची सून म्हणाली. "आधी बघू तरी, घोडं कुठे पेंड खातंय ते."

तिने इंटरनेट तपासलं, ते चालू होतं. काकांचा पत्ता ताडून पाहिला, तोही बरोबर. माझ्याकडून स्वतःला आणि काकांना एकेक ईमेल पाठवला, तर तिचा फोन लगेच वाजला. काकांचा मात्र ढिम्म. उत्तर माझ्या पोटात होतं आणि मला तोंड नव्हतं. काय सांगू, किती तळमळलो! हा फक्त ईमेल पाठवतो, याला कोण पाठवणार, म्हणून माझी स्वतःची पेटी आजवर कुणी उघडलीच नव्हती. शेवटी तिने ती उघडली. माझे सगळे इशारे तिथे परत येऊन पडले होते. प्रत्येकावर एकच शेरा होता: समोरची पेटी भरली आहे.

"बाबा, एवढं काय साठवलंय तुम्ही?"

काका ओशाळले. दर खेपेला पिल्लं बाहेर येताना ते व्हिडिओ काढायचे आणि हरवू नये म्हणून स्वतःलाच ईमेल करायचे. "पुसू कसे गं? सगळी माझीच पोरं." पिल्लांच्या व्हिडिओंनी पिल्लांच्याच इशाऱ्याची वाट अडवली होती.

काकूंची हसून हसून पुरेवाट झाली. सुनेने सगळे व्हिडिओ माझ्यात आणून ठेवले, काकांची पेटी मोकळी केली आणि इशारा तिच्या व काकूंच्याही फोनवर जाईल अशी सोय केली. मग तिने यंत्राचं दार किंचित उघडलं. आतली उष्णता उतरताच मी इशारा पाठवला. तिन्ही फोन एकदम खणाणले. हुश्श! भंगाराचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. आणि पिल्लं? ती सुखरूप बाहेर आली, त्यांचा व्हिडिओही माझ्याचकडे आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणी मुकाट्याने पहारा देत असेल. त्याची धूळ जरूर पुसा. पण त्याची हाक तुमच्यापर्यंत पोचते ना, हेही अधूनमधून बघत जा. ऐकू आली नाही म्हणजे त्याने मारलीच नाही, असं समजू नका. त्या दुपारी मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो.