घरच्या कुणीही सांगितलं तरी चालेल

सकाळपासून तीन वेळा चहा केला आणि तिन्ही वेळा गार करून ओतून टाकला. डोंगरकड्याजवळच्या आमच्या तांड्यावर बसून मी पुण्याच्या एका गटाचं काम करते. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांवर जे उपचार करून पाहिले, त्यांचे अभ्यास कितपत भरवशाचे आहेत हे तपासायचं. एक अभ्यास दोघींनी वेगवेगळा तपासायचा, मग निकाल जुळवायचा. माझी जोडीदार निलम. तिनं कालच 'भरवशाचा' लिहून टाकलं. माझं पान कोरंच.

अभ्यास साधा होता. दवाखान्यातून घरी गेल्यावर निम्म्या पेशंटना दर महिन्याला धीराचा फोन, निम्म्यांना नाही. वर्षअखेरीस फोनवाल्यांत पुन्हा प्रयत्न करणारे फारच कमी. हे खरं असावं असं मलाही जिवापाड वाटत होतं. पण शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत, खुशाली कशी विचारली ते होतं. फोन न केलेल्यांच्या घरी माणूस जाऊन पेशंटसमोर बसलेला. फोनवाल्यांना मात्र फोनवरच विचारलेलं, आणि उत्तर घरच्या कुणीही दिलं तरी चालेल.

घरच्या कुणीही! मी उठून अंगणात चकरा मारू लागले. याडी, म्हणजे माझी आई मिराबाई, वाळत घातलेली हळद हलवत होती.

"काहून फिरून राहिलीस गं? बस की एका जागी."

बसवत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी मीही अशीच वाचून घरी आले होते. दवाखान्यातली बाई याडीच्या फोनवर चौकशी करायची. "बरी हाय," याडी सांगायची, आणि मी आत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. याडी खोटारडी नव्हे. पोरीचं दुखणं परक्याला सांगू नये, झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच तिला ठाऊक. राग येतो तो त्या बाईचा. "तिला फोन द्या" असं ती एकदाही म्हणाली नाही.

आत येऊन मी लिहिलं: निकाल भरवशाचा नाही. आता निलम विचारणार, घरचे झाकतात हे तुला कसं ठाऊक, आणि ते सांगायचं तर मला माझंच सांगावं लागणार. शिवाय पंधरा दिवसांपासून ते जुनं सगळं परत डोकं वर काढत होतं. झोप नाही, जेवण नाही. मी मोबाईल सकाळीच बंद करून ठेवला होता.

तेवढ्यात अंगणात याडीचा फोन वाजला.

"कोण, निलमबाई का? व्हय, घरीच हाय. काम करून राहिली." याडीनं दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. "न्हाई न्हाई, तकलीफ कशाची? बरी हाय."

मी बाहेर जाऊन हात पुढे केला.

"याडी, फोन दे."

ती क्षणभर घट्ट धरून राहिली, मग तिनं दिला.

"निलम," मी म्हणाले, "मी बरी नाहीये."