हेल्काची ताठकानी

गावातल्या आर्ने आजोबांनी आपली ताठकानी बंदूक हेल्काला देऊन टाकली, ही बातमी माझ्या बहिणीने जेवताना सांगितली, तेव्हा टाउनोच्या काट्यावरचा बटाटा तसाच अधांतरी राहिला. टाउनो माझा मेहुणा. मायरे माझी धाकटी बहीण. त्या दिवशी मीही त्यांच्याकडे खारवलेली हेरिंग मासळी खायला बसलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं.

"कुठली हेल्का?" टाउनोने विचारलं.

"गावात किती हेल्का आहेत? घरोघर फिरून म्हाताऱ्यांना औषधं देते, आंघोळी घालते ती."

"तिला बंदुकीतलं काय कळतं?"

"ते आजोबांना विचार. गेले ते वृद्धाश्रमात. घर आवरलं, गाय भाच्याला दिली, बंदूक हेल्काला."

टाउनो उठला आणि बाहेर जाऊन लाकडं फोडायला लागला. लाकडं आदल्या दिवशीच फोडून झाली होती.

आमच्या जुन्या लष्करी रायफलींमध्ये ताठकानीचा मान मोठा. नळीच्या टोकाशी नेम धरायची खूण असते, तिच्या दोन्ही अंगांना दोन लोखंडी पाती. शिकारी कुत्र्याने कान टवकारावेत तशी दिसतात, म्हणून हे नाव. आर्ने आजोबांची ताठकानी त्यांच्या वडिलांची. वडिलांनी ती रशियाशी झालेल्या हिवाळी लढाईत वापरली होती आणि धड परत आणली होती. बर्चच्या लाकडाचा दस्ता हातांच्या घामाने मधासारखा काळसर झालेला. टाउनोकडे जुन्या रायफलींचं कपाट भरलेलं आहे, आमच्या एवियार्वी गावाच्या आसपास त्याच्या तोडीचा संग्राहक नाही. पण ताठकानी त्याच्याकडे नव्हती, आणि त्याला दुसरी कुठली नकोच होती. हीच हवी होती. वीसेक वर्षं तो आजोबांकडे सरपण पोचवत होता, छपरावरचा बर्फ उतरवत होता, तळ्यात पाईक मासा मिळाला की आधी त्यांच्या दारात नेत होता. मागितली कधीच नाही. न मागताच मिळेल, असं त्याने धरून ठेवलं होतं.

हेल्काने परवान्यासाठी आमच्या नेमबाजी मंडळात नाव घातलं. पन्नाशीची बाई, घटस्फोटित, मुली वासा शहरात नोकरीला. पहिल्याच रविवारी ती चांदमारीवर आली आणि सगळ्यांना प्रश्न विचारत सुटली. हे काय, ते कशाला, हा शिक्का कोणाचा. आमचे बाप्ये एरवी तासन् तास तोंड उघडत नाहीत. त्या दिवशी कॉफीच्या वेळी, परवाना होईपर्यंत मंडळाच्या कपाटात ठेवलेली ती बंदूक टेबलावर मध्ये आणि सगळे तिच्याभोवती. कोणी शिक्क्याचा अर्थ सांगतोय, कोणी आपल्या आजोबांची लढाई. इतकी वर्षं असे प्रश्न लोक टाउनोला विचारत. तो खिडकीशी कप घेऊन उभा होता आणि कोणाच्या ते ध्यानातही आलं नाही. माझ्या आलं.

परवाना मिळाल्यावर हेल्का रायफल घेऊन थेट टाउनोच्या शेडमध्ये आली.

"टाउनो, मला तूच शिकव. आजोबा म्हणाले, या कामात टाउनोसारखा माणूस सापडायचा नाही."

कौतुक ऐकून त्याच्या अंगाची लाही झाली. माणूस मी, आणि बंदूक हिला! पण तोंडाने म्हणाला, "ठेव तिथे. बस."

त्याने बोल्ट काढला आणि नळी खिडकीच्या उजेडाकडे धरून आत पाहिलं. आतल्या वळणदार रेघा आरशासारख्या लखलखत होत्या. वीस वर्षांत आजोबांनी त्याला कपाटातून काढून दाखवली होती, हातात दिली होती, पण नळीतून पाहायला कधी दिलं नव्हतं. त्याला वाटलं, ही बाई आत्ता उठून निघून जावी आणि बंदूक इथेच विसरावी.

"दस्त्यावर किती ओरखडे आहेत," हेल्का म्हणाली. "पॉलिश पेपर मारून वार्निश लावू का? नवी दिसेल."

"खबरदार!" टाउनो ओरडलाच. "हात तोडीन! तो दस्ता घासलास तर त्यातला माणूस जाईल. जवसाचं तेल, तेही बोटाने, आणि हे एवढंसं. चोळायचं, पुसायचं, विसरून जायचं."

हेल्का हसली. "बरं बाबा. आणि गोळ्या कुठल्या आणू?"

इथे टाउनोने शेल्फवरून तपकिरी कागदातल्या जुन्या काडतुसांची पाकिटं काढली. रशियन साठ्यातली. वाईट नसतात, सरळ जातात. फक्त त्यांच्या बुडाशी असलेल्या टोपीतल्या दारूत क्षार असतो. गोळी सुटली की तो नळीभर बसतो आणि हवेतली ओल ओढून घेतो. त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवावी लागते, मग कोरडी करून तेल. नुसत्या तेलाने क्षार हलत नाही. आमच्यातल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. टाउनो ते सांगणारच होता, हे त्याने मला नंतर शपथेवर सांगितलं. शब्द ओठांवर होते. तेवढ्यात हेल्काने दस्त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ही माझी आहे, हे अजून खरंच वाटत नाही बघ."

"मारून झाल्यावर काय करायचं?" तिने विचारलं.

"तेलाची चिंधी फिरवायची," टाउनो म्हणाला. "बास."

शरद ऋतूच्या स्पर्धेत हेल्काने नवख्या गटात पहिलं बक्षीस मारलं. बक्षीस म्हणजे डुकराची भाजलेली मांडी, पण टाळ्या अशा पडल्या की जणू ऑलिम्पिक. तिच्या हाताला कंप नाही. आयुष्यभर म्हाताऱ्यांच्या दंडात सुया टोचलेल्या. टाउनोनेही टाळ्या वाजवल्या. घरी येऊन मात्र मायरेवर विनाकारण खेकसला, कॉफी पातळ आहे म्हणून.

"कॉफी रोजचीच आहे," मायरे म्हणाली. "पातळ काहीतरी दुसरंच झालंय."

मग पाऊस, चिखल, धुकं. हेल्काचं घर तळ्याला लागून, आणि बंदुकीचं लोखंडी कपाट सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत. टाउनोला हे माहीत होतं. रोज सकाळी तो डोळे उघडायचा आणि त्याला ती नळी दिसायची, काळोखात, आतून घामेजलेली. एकदा न राहवून तो निघालाच. सांगून टाकू, विसरलो होतो म्हणू, अजून फार बिघडलं नसेल. हेल्काच्या अंगणात मंडळाचे तिघे जण आधीच हजर. तिने कुठल्याशा जुन्या बंदुकांच्या बाजारातून दुसरी जुनी लष्करी रायफल आणली होती आणि सगळे ती निरखत होते.

"ये टाउनो, ये!" हेल्का दारातूनच ओरडली. "बघ, मला रोग लागला तुझा! आता कपाटही मोठं घ्यावं लागणार."

तिघे हसले. त्यातला एक म्हणाला, "टाउनो, जपून. दोन वर्षांत ही तुला मागे टाकते बघ."

टाउनोने कॉफी घेतली, वेलचीचा गोड पाव खाल्ला, नव्या बंदुकीला बरी आहे म्हणाला आणि घरी आला. पाण्याचं काही बोलला नाही.

नाताळच्या थोडं आधी हेल्का त्याच्या शेडमध्ये आली. चेहरा उतरलेला. ताठकानी ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली.

"बघ काय केलं मी."

टाउनोने नळीतून पाहिलं. आरसा गेला होता. आत तांबूस खवले, वाळलेल्या जखमेसारखे. इतके दिवस त्याने हे मनात पाहिलं होतं, तरी त्याने नळी फिरवून दुसऱ्या टोकानेही पाहिलं.

"तेल लावलं होतं मी," ती म्हणाली. "तू सांगितलंस तसंच. काहीतरी चुकलं असणार. सत्तर-ऐंशी वर्षं जपली त्यांनी, आणि मी दोन-चार महिन्यांत वाट लावली." तिने नाक पुसलं. "मला नाही जमत हे. तू घे टाउनो. तुझ्याकडेच शोभते. मी आधी आजोबांना सांगते, मग रीतसर तुझ्या नावावर कर."

कोणीही म्हटलं असतं, अगं, माझंच चुकलं. टाउनो म्हणाला, "बघू या काय करता येतं ते." आणि त्याच्या मनात काय आलं, तेही त्याने मला सांगितलं. मनात आलं, खवले घासता येतील. आणि आता ती माझी.

आजोबांसमोर एकटीला जायचं धैर्य होईना, म्हणून हेल्काने त्यालाच बरोबर नेलं. नाही म्हणायला तोंड नव्हतं. आजोबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, पायांत लोकरीचे मोजे, समोर बर्फ. नव्वदीला आलेला माणूस, पण कान तीक्ष्ण.

"आजोबा, मी तुमच्या ताठकानीची माती केली. गंज चढला आत," हेल्का एका दमात बोलून गेली.

"हं," आजोबा म्हणाले. "काडतुसं कुठली मारलीस?"

"जुनी. तपकिरी कागदातली."

"रशियन. कोणी दिली?"

"टाउनोने."

आजोबांनी टाउनोकडे पाहिलं नाही. "आणि नंतर नळी गरम पाण्याने धुतलीस ना?"

"पाण्याने? बंदूक? बंदूक पाण्याने कोण धुतं?"

"त्या काडतुसांनंतर सगळे धुतात, पोरी. फौजेत पहिल्याच आठवड्यात शिकवतात. टाउनोलाही शिकवलं असेल."

हेल्का हळूहळू टाउनोकडे वळली.

"विसरलो असेन," टाउनो म्हणाला.

"तू?" आजोबा आता त्याच्याकडे बघत होते. "माझ्या बापाच्या बंदुकीचा नंबर तू मला पाठ म्हणून दाखवायचास. तू विसरलास?"

टाउनो हातातल्या टोपीची कड चाचपत राहिला.

"तुला का दिली नाही, विचारायचं असेल तर विचार," आजोबा म्हणाले. "नाही विचारत? तरी सांगतो. दारातून आत आलास की तुझी नजर आधी त्या कपाटाकडे जायची, मग माझ्याकडे. सरपण चांगलं आणायचास, त्यात खोट नाही. पण मी कधी मरतोय ते बघायला आल्यासारखा यायचास." मग त्यांनी डोळे मिटले आणि हेल्काला म्हणाले, "तो पाव आणलायस तो कापून दे आता."

परतीच्या वाटेवर गाडी हेल्का चालवत होती. मग एका ओसाड बस थांब्यापाशी तिने ब्रेक दाबला.

"मुद्दाम?"

"हो," टाउनो म्हणाला.

"मी रडत तुझ्या शेडमध्ये आले, तेव्हाही गप्प बसलास."

"हो."

"उतर."

तो उतरला. बाहेर नाकातला श्वास गोठेल अशी थंडी. गाडी निघाली, वळणापर्यंत गेली, थांबली, आणि उलटी येत पुन्हा त्याच्यासमोर उभी राहिली. काच खाली झाली.

"बस आत. गोठून मेलास तर मायरेला तोंड काय दाखवू? पण बोलू नकोस. एक शब्द बोलू नकोस."

घराच्या फाटकाशी सोडताना ती म्हणाली, "बंदूक माझी आहे आणि माझीच राहील. शनिवारी येशील. मायरेलाही आणशील. जे जे मला सांगितलं नाहीस ते सगळं तिच्यासमोर सांगायचं. आणि ती नळी तू घासायचीस."

मायरेला हेल्कानेच फोन करून सगळं सांगितलं. मायरे टाउनोला काहीच बोलली नाही, आणि तेच त्याला जास्त झोंबलं. सबंध हिवाळा दर शनिवारी दोघं हेल्काच्या स्वयंपाकघरात. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर ताठकानी. टाउनो पितळी ब्रश नळीतून मागेपुढे ओढतोय, हेल्का विचारतेय, मायरे मोजे विणत कान देऊन बसलेली. टाउनो कुठे घुटमळला की मायरे सुई थांबवून म्हणायची, "आणि?" मग तो उरलेलं सांगायचा. ओल येऊन लाकूड फुगलं की कुठला स्क्रू आवळतो, कुठला ढिला करायचाच नाही, पट्टा कसा मऊ ठेवायचा, दस्ता स्टोव्हजवळ का न्यायचा नाही. तीस वर्षांत जमवलेलं सगळं त्याच्या पोटातून असं ओढून काढलं गेलं.

गंज निघाला. खड्डे राहिले. पहिल्यासारखा आरसा आता कधीच होणार नाही. मंडळात कोणाला काय कळलं ते मला माहीत नाही. हेल्काने कुणाला सांगितलं नसावं. पण कॉफीच्या वेळी टाउनोसमोर आजोबांचं नाव निघालं की आमचे बाप्ये उगाच खिडकीबाहेर बघू लागतात.

उन्हाळ्याच्या स्पर्धेत ती खड्ड्यांची नळी घेऊन हेल्का उतरली. माझा स्वतःचा विश्वास बसला नाही, पण गोळ्या एकमेकींना चिकटून बसल्या. बंदूक जुनी झाली तरी मन मोठं असतं, असं कोणीतरी म्हणालं. टाउनो तिच्या मागेच उभा होता, दुर्बीण डोळ्याला. एकेक गोळी लागताना तो आकडा मोठ्याने सांगत होता, कारण तिने तसं सांगितलं होतं. आवाज स्वच्छ होता. मानेवरची शीर मात्र ताठ.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं सौनात बसलो होतो. मी तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं, वाफ उठली. तो म्हणाला, "आता तिला माझ्याइतकंच कळतं."

"तूच शिकवलंस."

"हो ना." त्याने ओल्या तळव्यांनी तोंड पुसलं. "आधी वाटायचं, तिला कळत नाही तरी बंदूक तिची, म्हणून वाईट वाटतंय. आता तिला कळतं. तरी वाटतंच रे. जास्तच वाटतं."

मी अजून एक तांब्या पाणी टाकलं.