मालधक्क्यामागची भिंत

"भित कोनाची हाय, श्रावन?"

"सरकारची, साहेब."

"मंग तिच्यावर काढलं ते चांगलं असो का वाईट, ते घानच. उद्या मोठे साहेब येऊन राह्यले. आजच्या आज पांढरी कर."

मालबाबू भगवंतराव निघून गेले. अकोल्याच्या मालधक्क्यामागे चुन्याची बादली घेऊन श्रावण एकटाच उरला. बावीस वर्षं तो रेल्वेत चुना मारत होता. भिंतींवरच्या शिव्या, पोरींची नावं, निवडणुकीची चिन्हं, सगळं त्यानं न वाचता पुसलं होतं. आज मात्र हात उठेना.

नुसत्या कोळशानं आणि गेरूनं कुणीतरी पंधरा हात भिंत भरून टाकली होती. कापूस वेचणाऱ्या बायांची रांग. कमरेच्या ओट्या फुगलेल्या, पाठी वाकलेल्या. चेहरे काढलेच नव्हते, तरी कोण दमलीय आणि कोण शेजारणीशी बोलतेय ते कळत होतं. एकीची पाठ तर मानेपासून टाचेपर्यंत एकाच रेघेत ओढलेली. कोळसा मध्ये कुठे उचललाच नव्हता. श्रावणनं त्या रेघेच्या कडेनं हवेतच बोट फिरवलं.

पण नोकरी होती. त्यानं कुंचला बुडवला.

पहिला हात वाळला आणि बाया चुन्याखालून पुन्हा वर आल्या. दुसऱ्या हातानंतरही गेरू फुटून दिसत होता. तिसऱ्या वेळी त्यानं मान खाली घातली, ती भिंत संपेपर्यंत वर केली नाही.

वळला तेव्हा मागे माणिकबाई उभी होती. धक्क्यावर फाटकी पोती शिवणारी, बार्शीटाकळीकडची म्हातारी. तिची बोटं कोळशानं काळी होती.

"तुवाच काढलं होतं का, माय?"

"हो."

"सरकारच्या भितीवर काहून काढलं? पोलिसात देतीन तुले."

"गावाले मातीचं घर होतं. लग्नसराईत साऱ्या गावच्या भिती मीच रंगवत होती. इथं बांबूच्या तट्ट्याची झोपडी हाय. तट्ट्यावर रेघ टिकत नाई. हाताले चैन पडत नाई, मंग काय करू?"

श्रावण ओशाळला. "मले मिटवा लागलं. माफ कर, माय."

माणिकबाई पुढे आली. ओल्या भिंतीवर तिनं तळवा टेकवला.

"गच्च बसला चुना," ती म्हणाली. "तुया हात सफाईचा हाय, बापू. मांगच्या खेपेले कोनं थातुरमातुर मारला होता, कोळसा घसरून राह्यला होता."

"मांगच्या खेपेले?"

"ही चौथी खेप."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. चारदा पुसलं गेलेलं चित्र ही बाई तशीच मनात धरून उभी होती.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले, फलाटावर चहा पिऊन गेले. धक्क्यामागे कुणी फिरकलंसुद्धा नाही.

रविवारी श्रावण माणिकबाईला आपल्या घरी घेऊन आला. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा समोरच्या भिंतीवरचे देव त्यानं उतरवले होते; तेव्हापासून ती रिकामी होती.

"इथं काढ, माय. ही भित मायी हाय. हिले कोनी चुना मारनार नाई."

"अवो, आत्ताच तं सारवली मी ते!" बायको इंदूबाई फणकारली. पण माणिकबाईनं पहिली रेघ ओढली आणि इंदूबाई हातातलं काम टाकून बघत उभी राहिली.

दुपार कलली. दारात शेजारी जमले. एरवी कलकलाट करणारी आळी, पण कोळसा भिंतीवर घासल्याचा आवाज ऐकू यावा इतकी शांतता. वेचणाऱ्या बाया एकीमागून एक उमटत गेल्या. शेवटी एक उमटली, एक हात कमरेवर, डावा पाय ओढत चाललेली.

इंदूबाई जवळ गेली. नवऱ्याला हळूच म्हणाली, "अवो, हे तं आपली बुढी चालून राह्यली."

श्रावणच्या आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती. माणिकबाईनं तिला कधी पाहिलं नव्हतं. तशा चालणाऱ्या बाया मात्र तिनं जन्मभर पाहिल्या होत्या.

इंदूबाईनं खांद्यावर घसरलेला पदर उचलला, डोक्यावरून नीट पुढे घेतला आणि भिंतीसमोर मान खाली घालून उभी राहिली.